आधी परतीची वेळ, मग चढाई!



महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं? आता हे काय विचारणं झालं, असं म्हणाल. चौथीतलं पोरही सांगेल, कळसूबाई! उंची १,६४६ मीटर. तुमच्यापैकी कितीतरी जण तिथे जाऊनही आले असतील. लोखंडी शिड्या चढताना धाप लागली असेल. वर देवीच्या देवळापाशी उभं राहून, "आता आपल्यापेक्षा उंच महाराष्ट्रात कुणी नाही," असं ओरडूनही झालं असेल.

आज आपण ज्या वाटेची आखणी करणार आहोत, ती वाट सुरूच होते साधारण १,८०० मीटरवर. म्हणजे कळसूबाई जिथे संपते, त्याच्याही वर तिची पहिली पायरी! काढा वही-पेन्सिल आणि भूगोलाचा नकाशा. आज आपल्याला जायचंय हिमालयात, फुलांच्या खोऱ्यात. इंग्रजीत व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, हिंदीत फूलों की घाटी. आपल्याकडे घाट म्हटलं की खंडाळ्याचा वळणावळणाचा रस्ता आठवतो. हिंदीतली घाटी मात्र म्हणजे दोन डोंगररांगांमधलं खोरं, हे लक्षात ठेवा.

नकाशात बोट फिरवा

उत्तराखंड राज्यात हरिद्वार शोधा. तिथून गंगेच्या काठाने बोट वर सरकवा. ऋषिकेश, मग देवप्रयाग. इथे भागीरथी आणि अलकनंदा भेटतात आणि पुढे तिचं नाव गंगा होतं. आपण अलकनंदेचा हात धरायचा. रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, चमोली, जोशीमठ. (२०२४ पासून जोशीमठचं अधिकृत नाव ज्योतिर्मठ झालंय, पाट्यांवर दोन्ही दिसली तर गोंधळू नका.) तिथून सुमारे २० किलोमीटरवर गोविंदघाट. बद्रीनाथचा रस्ता तसाच पुढे जातो. आपण मात्र इथे पूल ओलांडून उजवीकडच्या खोऱ्यात शिरायचं. चार किलोमीटरवर पुलना गाव आहे. तिथवर गाडी जाते. पुढे फक्त पाय, नाहीतर खेचर!

पुलनापासून घांघरिया हे मुक्कामाचं ठिकाण सुमारे १० किलोमीटर. उंची साधारण ३,०५० मीटर. घांघरियाच्या पुढे वाटेला दोन फाटे फुटतात. एक पुष्पावती नदीच्या खोऱ्यात म्हणजे फुलांकडे जातो, दुसरा हेमकुंडसाहिब गुरुद्वाराकडे. तिथे ४,३०० मीटरच्याही वर, डोंगरांच्या कुशीत एक तळं आहे.

१९३१ साली फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती कामेत हे ७,७५६ मीटर उंचीचं शिखर सर करून परतत होते. पावसापाण्यात एक खिंड ओलांडून ते या खोऱ्यात उतरले आणि फुलं बघून थक्क झाले. स्माइथ १९३७ मध्ये पुन्हा आला, राहिला आणि १९३८ मध्ये त्याने या खोऱ्यावर पुस्तक लिहिलं. म्हणून काही ठिकाणी "स्माइथने खोऱ्याचा शोध लावला" असं वाचायला मिळतं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून भ्युंडार गावचे लोक इथे शेळ्यामेंढ्या चारत होते. त्यांना ते हरवलेलं नव्हतंच, मग शोध कसला? १९८२ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव आलं.

पहिली अडचण : सुट्टी!

आता आखणी. पहिला प्रश्न, कधी जायचं? तुम्ही लगेच म्हणाल, मे महिन्याच्या सुट्टीत. पण उद्यान उघडतं १ जूनला! बरं, मग दिवाळीच्या सुट्टीत? उद्यान ३१ ऑक्टोबरला बंद होतं आणि तोवर फुलं केव्हाच संपलेली असतात. जूनच्या सुरुवातीला गेलात, तर वाटेत बर्फाचे पट्टे आणि जमिनीतून नुकती डोकं काढणारी रोपं दिसतील. फुलांचा खरा बहर जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत आणि ऐन पावसात.

आता तुम्हीच ठरवा. पंधरा ऑगस्टच्या आसपासच्या सुट्ट्या जोडायच्या, की गणपतीच्या सुट्टीत जाऊन उरलेल्या फुलांवर समाधान मानायचं? दोन्हींचे फायदे-तोटे वहीत समोरासमोर लिहा. फुलं हवीत तर पाऊस सोसायला हवा. पाऊस नको तर फुलं कमी. दोन्ही हातांत लाडू मिळत नाही, हे कळणं हा आखणीतला पहिला धडा.

दुसरा प्रश्न : किती वेळ लागेल?

"दहा किलोमीटर ना? दोन तासांत जाऊ!" असं म्हणणारा एक तरी वीर प्रत्येक गटात असतोच. त्याला हे गणित घाला. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा नियम मांडला. दर ५ किलोमीटरला १ तास आणि शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. आडवं अंतर वेगळं मोजायचं, उभा चढ वेगळा.

पुलना ते घांघरिया करून बघू. १० किलोमीटर, म्हणजे २ तास. चढ साधारण १,००० मीटर, म्हणजे जवळजवळ १ तास ४० मिनिटं. बेरीज ३ तास ४० मिनिटं. पण थांबा! हा हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट गड्याचा आहे. आपण पाणी पिणार, फोटो काढणार, बुटाची नाडी बांधणार, धबधबा बघत उभे राहणार. म्हणून उत्तराला दीडने गुणा. आले साडेपाच तास. सकाळी आठला निघालो, तर दीड वाजता घांघरियात. ठीक!

आता हेमकुंड. ६ किलोमीटर आणि चढ सुमारे १,२५० मीटर. अंतराचे १ तास १२ मिनिटं, चढाचे २ तास ५ मिनिटं. बेरीज सव्वातीन तास, दीडपट केली की जवळपास पाच. वर हवा विरळ, म्हणून आणखी एक तास धरा. एकूण सहा तास. वर रात्री राहता येत नाही, त्याच दिवशी उतरायलाच हवं. दुपारनंतर ढग उतरतात, पावसाची शक्यता वाढते, ओल्या दगडी पायऱ्यांवरून पाय सटकतो. म्हणून दुपारी एकला परतीची वाट धरायची. मग निघायचं कधी? उलटं मोजा. एकमधून सहा तास वजा केले की सकाळचे सात. थोडा वेळ हाताशी हवा, म्हणून साडेसहा.

बघितलंत? आपण निघायची वेळ आधी ठरवली नाही. परतीची वेळ आधी ठरवली, मग त्यावरून निघायची. आजच्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. आणि त्याला जोडून एक अट. एक वाजला की मागे वळायचं, *पोचलो नसलो तरी.* गुरुद्वाराचं छप्पर समोर दिसत असलं तरी. तिथे उभं राहून "अजून दहाच मिनिटं" असा वाद घालायचा नाही. तो वाद आदल्या रात्री, गरम रजईत बसून, सगळ्यांच्या देखत मिटवायचा.

हवा तीच, पण पातळ

आता जरा विज्ञान. उंचावर गेलं की हवेतला ऑक्सिजन कमी होतो, असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, सुमारे २१ टक्के. पण हवेचा दाब कमी होतो, हवा विरळ होते. समुद्रकाठी एका श्वासात ऑक्सिजनचे १०० दाणे मिळतात असं समजा. घांघरियात त्याच श्वासात साधारण ७० मिळतील आणि हेमकुंडला ६०. शरीर मोठं हुशार आहे. ते श्वास वाढवतं, हृदयाचे ठोके वाढवतं, हळूहळू जुळवून घेतं. पण त्याला वेळ द्यावा लागतो.

वेळ दिला नाही तर काय होतं? साधारण २,५०० मीटरच्या वर डोकं दुखायला लागतं. मळमळतं, जेवण नकोसं होतं, चक्कर येते, झोप लागत नाही. याला विरळ हवेचा त्रास म्हणतात. तो पैलवानालाही होऊ शकतो आणि काडीपैलवानालाही. तब्येत दणकट आहे म्हणून तो टळत नाही. बहुतेकदा विश्रांती घेतली, आणखी वर गेलं नाही, की बरं वाटतं. पण त्रास वाढत गेला, चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर उजाडायची वाट बघायची नाही. मोठ्यांनी त्याला ताबडतोब खाली न्यायचं. खाली उतरणं हेच पहिलं औषध. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारायचं, दुसऱ्याची गोळी आपण घ्यायची नाही.

म्हणून मुक्कामांचा क्रम असा लावू :

पहिला दिवस : हरिद्वारला पोचून आराम.
दुसरा दिवस : हरिद्वार ते जोशीमठ, दिवसभराचा गाडीप्रवास. मुक्काम साधारण १,९०० मीटरवर.
तिसरा दिवस : गोविंदघाट, पुलना आणि चालत घांघरिया.
चौथा दिवस : फुलांचं खोरं. जाऊन परत घांघरिया.
पाचवा दिवस : हेमकुंड. जाऊन परत घांघरिया.
सहावा दिवस : उतरून जोशीमठ.
सातवा दिवस : रिकामा!
आठवा दिवस : हरिद्वार.

एक कोडं. चौथ्या आणि पाचव्या दिवसाची अदलाबदल केली तर? विचार करा. फुलांचं खोरं साधारण साडेतीन हजार मीटरवर, हेमकुंड त्याहून बरंच उंच. आधी खोरं केलं, की शरीराला आणखी एक दिवस आणि एक रात्र मिळते. दिवसा थोडं वर जायचं, झोपायला खाली यायचं. म्हणून हाच क्रम बरा.

आणि तो सातवा, रिकामा दिवस? "बाई, एक दिवस फुकट का घालवायचा?" असं तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. तो फुकट नाही. पावसाळ्यात या रस्त्यांवर दरडी कोसळतात. कधी दोन तास, कधी अख्खा दिवस गाड्या अडकतात. जून २०१३ मधल्या महापुरात तर गोविंदघाटचा भाग आणि घांघरियाची वाट यांचं मोठं नुकसान झालं, वाट पुन्हा बांधावी लागली. हाताशी रिकामा दिवस असला, तर आपण शांतपणे चहा पीत थांबतो. नसला, तर "उद्याची रेल्वे चुकेल" या धास्तीने नको ते धाडस करतो. हिमालयात घाई ही दरडीइतकीच धोक्याची. रस्ता उघडा आहे का, हे मोठ्यांनी रोज सकाळी विचारायचं आणि गाडीने रात्रीचा प्रवास करायचा नाही.

पाठीवर किती?

२०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात सांगितलंय, की दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. तोच नियम इथे लावा. तुमचं वजन ४० किलो, तर पाठीवर ४ किलो. पाणी एक लिटर, म्हणजे झाला एक किलो. रिकामी सॅक ६०० ग्रॅम, रेनकोट ४००, लोकरीचा स्वेटर ५००, कोरडे कपडे आणि मोजे ६००, खाऊ ४००, टोपी-बॅटरी-किरकोळ वस्तू ३००. बेरीज ३ किलो ८००. उरले २०० ग्रॅम. आता त्यात जाडजूड कादंबरी बसते का बघा! बाकीचं सामान मुक्कामाच्या खोलीवर.

थंडीचाही हिशोब करा. दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. जोशीमठला २२ अंश असेल, तर सुमारे २,४०० मीटर वर हेमकुंडला ६-७ अंश. त्यात पाऊस आणि वारा! म्हणून जीन्स घरी ठेवा. भिजली की शिशासारखी जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. नवे कोरे बूट तर अजिबात नकोत. महिनाभर आधीपासून तेच घालून शाळेत जा, म्हणजे फोड यायचे ते घरीच येऊन जातील. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा आणि ती पिशवी आठवणीने घरी परत आणा. बूट भिजले तर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, पाणी शोषून घेतात. खाऊ म्हणाल तर गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खाकरा, लिमलेटच्या गोळ्या. आजीच्या दशम्या पहिल्या दोन दिवसांत संपवा.

खोऱ्यात शिरल्यावर

खोऱ्यात जायला वनखात्याचा परवाना लागतो. आत मुक्काम करता येत नाही, दुकान नाही, खेचरंही नाहीत. दुपारनंतर नवीन माणसाला आत सोडत नाहीत आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचं असतं. नेमक्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. हेमकुंडला जाणाऱ्यांना यात्रेची नोंदणीही करावी लागते, ती घरूनच करून ठेवा.

इथे पाचशेहून जास्त प्रकारच्या फुलझाडांची नोंद झालीय. नशीब असेल तर निळी पॉपी दिसेल. ती आपल्या खसखशीची लांबची बहीण, पण अंगाला काटे! आणि एक ओळखीचा चेहरा नक्की भेटेल, तेरडा. हो, आपल्या कासच्या पठारावर सप्टेंबरात गुलाबी गालिचा पसरतो, त्याच कुळातला. इथला तेरडा चांगला उंच वाढतो. पिकलेल्या शेंगेला वाऱ्याचा धक्का लागला, तरी ती फट्‌कन फुटून बिया दूर उडवते. सह्याद्रीतली शेंग आणि हिमालयातली शेंग, युक्ती एकच! हेमकुंडच्या वाटेवर उंचावर ब्रह्मकमळ दिसतं. ते उत्तराखंडचं राज्यफूल. बघायचं, चित्र काढायचं, तोडायचं मात्र नाही.

खोऱ्यात एक समाधी आहे, जोन मार्गारेट लेग या बाईंची. त्या १९३९ साली इथे वनस्पती गोळा करायला आल्या होत्या. खडकाळ उतारावर पाय घसरला आणि त्या गेल्या. पुढे त्यांच्या बहिणीने येऊन समाधीचा दगड बसवला. तिथे दोन मिनिटं उभे राहा. जाणकार माणसाचाही पाय घसरतो, म्हणून वाट सोडून उतारावर जायचं नाही.

वाटेत खेचरवाले भेटतील, पिट्टू म्हणजे पाठीवरच्या टोपलीतून सामान वाहणारे लोक भेटतील. त्यांना "भैयाजी, नमस्ते" म्हणा आणि खेचर आलं की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला नाही. गुरुद्वारात लंगर असतो. डोकं झाकून, पंगतीत बसून जेवा आणि ताटात काही टाकू नका. ते सगळं पाठीवरून वर आलेलं असतं.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट

बूट, रेनकोट, परवाना हे सगळं पैशाने मिळतं. एक गोष्ट मात्र मिळत नाही. समजा, हेमकुंडच्या वाटेवर तुमचं डोकं ठणकायला लागलं. बाकीचे आठ जण हसत-गात पुढे चाललेत. तुम्ही सांगाल? की "भित्रा म्हणतील", "माझ्यामुळे सगळ्यांना परतावं लागेल" असं वाटून गप्प बसाल? मला ठाऊक आहे, खूप जण गप्प बसतात. वर्गात "बाई, मला कळलं नाही" असं सांगायला जितकं अवघड जातं, तितकंच हेही.

म्हणून निघण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून दोन वचनं द्यायची. एक, मला त्रास झाला तर मी लगेच सांगेन. दोन, दुसऱ्याने सांगितलं तर मी हसणार नाही, तोंड वाकडं करणार नाही. गटाची चाल सगळ्यात हळू चालणाऱ्याची चाल. कुणाला परतावं लागलं, तर एक मोठं माणूस त्याच्यासोबत उतरेल हे आधीच ठरवा, म्हणजे त्याच्यावर अख्ख्या सहलीचं ओझं येणार नाही. तो मागे वळला, तर ते त्याचं हरणं नव्हे. आपल्या शरीराचं त्याने ऐकलं, एवढंच. हेमकुंडचं तळं कुठे पळून जात नाही. पुढच्या वर्षीही ते तिथेच असणार.

आता या आठवड्याचा गृहपाठ. हिमालय लांब आहे, म्हणून गावाजवळची एखादी टेकडी किंवा किल्ला घ्या. अंतर आणि चढ शोधा, नेस्मिथचं गणित करा, दीडपट करा. कागदावर सगळ्यात वर परतीची वेळ लिहा, लाल पेनने. मग मोठ्यांना सोबत घेऊन जाऊन या आणि गणित किती जुळलं, कुठे चुकलं, ते मला कळवा. आणि कोणी मध्येच मागे वळलं असेल, तर तेही जरूर लिहा. ती पत्रं मी आधी वाचेन!

तुमची,
बाई